उलटा धरून

मर्टल अव्हेन्यूच्या टोकाला, हिरवळीवर,
शिडी घेऊन जातो डेसमंड टप्लिन.
दोन पायऱ्यांची, रंगाचे डाग पडलेली.
तिच्यावर उभं राहिलं की कुंपणाची तार
फोटोत येत नाही.
बहात्तरावं चालू आहे. गुडघे कुरकुरतात. तरी जातो.

मंगळवारी त्याने माझं दार वाजवलं.
"तू हँगरमध्ये काम करतेस ना, हे बघ.
मागच्या दाराखाली, पोटाशी, केवढा पोचा!
आणि असं विमान माणसं भरून उडवतात?"

पोचा होता खरा.
बशीएवढा, खोल,
वरच्या काठाशी काळोख, तळाशी उजेड साचलेला,
पितळेचा तांब्या हातून निसटून
मोरीच्या कडेवर आपटावा, तसा.
मी चहा टाकला. चष्मा शोधला.
शेपटीवरची अक्षरं वाचली
आणि हसू आलं, ते दाबलं.

फोटो घेतला, उलटा धरला.

चाकं आभाळात गेली, ढग खाली आले
आणि पोचा बाहेर आला.
बाहेर म्हणजे टम्म,
झाकून ठेवलेल्या कणकेसारखा.

डेसमंडने फोटो सरळ केला. खळगा.
फिरवला. उंचवटा.
सरळ. उलटा. पुन्हा सरळ.
चहा निवत गेला, त्याचं चालूच.

म्हटलं, "उजेड वरूनच पडतो
हे डोळ्याने कधीचं गृहीत धरलंय,
त्याला कोणी शिकवावं लागत नाही.
पण तुझा फोटो नोव्हेंबरातला, पावणेचारचा.
पाऊस नुकता थांबलेला, ऊन आडवं,
धावपट्टी आरशासारखी ओली.
उजेड खालून चढलाय पोटावर.
हा पोचा नाही, डेसमंड. थिगळ आहे.
फेब्रुवारीत सामानाची गाडी घासली होती,
तिथे वरून पत्रा बसवलाय. एकशे बारा रिव्हेट.
मोजायचे तर मोज.
कागदावर सही माझी आहे."

मग मी त्याला 'दिसतं तसं नसतं' सांगायला गेले.
'म्हणून जग फसतं'पर्यंत पोचेतो
इंग्रजीत त्यातलं यमक गळून पडलं,
नुसता उपदेश उरला.
त्याने मान डोलावली. बिस्किट बुडवलं.
ते तुटून कपाच्या तळाला गेलं.

निघतो म्हणाला, उठला,
आणि कोटाच्या आतल्या खिशातून
अजून एक फोटो काढला, कोपरे झिजलेला.

ऑड्री. हेच कुंपण, बुटकी झाडं.
मागे एक भलंमोठं विमान उतरताना,
त्याचं नाक नेमकं तिच्या खांद्यातून उगवलेलं,
आणि चेहऱ्यावर सावली,
गालापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत.
"सत्त्याऐंशी साल. रागावलीय ना?
मला वाटतं रागावलीय. तेव्हापासून वाटतंय.
विचारलं नाही कधी.
आता तू, ते मघाचं, करून बघ."

मी फोटो उलटा धरला.

पत्र्याचं ठीक असतं.
चेहरा फिरवला की हनुवटी कपाळ होते,
तोंडाची नुसती एक चीर उरते,
कोणाचीही असेल अशी.
पुन्हा सरळ केला. खिडकीशी नेला.
ओठाचा कोपरा खाली ओढलेला होता,
किंवा सावली तिथे संपत होती.
माझं भिंग पत्र्यातली केसाएवढी चीर पकडतं.
त्याने काही सांगितलं नाही.

वरून सव्वापाचचं गेलं.
कपाटातल्या बशा किणकिणल्या.
आम्ही दोघं सवयीने थांबलो, आवाज जाईपर्यंत.

"तिच्या पायाशी काय होतं?" मी विचारलं.
"गवत? की पाणी साचलं होतं?"

डेसमंड बराच वेळ फोटोच्या खालच्या कडेकडे बघत राहिला,
जिथे ऑड्री गुडघ्यांशी कापली गेली होती.

"आठवत नाही," म्हणाला.
"मी वर बघत होतो."